मेटफॉर्मिन आणि गाठीचा शेजार: बातमी हातात आली की काय तपासायचं

माझी मावशी सोळा वर्षं मेटफॉर्मिन घेते आहे. मधुमेहाची ही गोळी कॅन्सरलाही आवरते, अशी बातमी कुठे दिसली की ती मला पाठवते आणि खाली तीनच शब्द लिहिते: "खरं का गं?" मी पॅथॉलॉजिस्ट. गाठी कापायच्या, काचेवर घ्यायच्या, मायक्रोस्कोपखाली बघायच्या, यात माझी सत्तावीस वर्षं गेली. तरी तिला "हो" म्हटलं तर फसवल्यासारखं वाटतं, आणि "नाही" म्हटलं तर तेही पुरतं खरं नसतं. शेवटी एका दुपारी समोर बसवून तिला अशी बातमी चाळायची कशी ते शिकवलं. त्या दुपारचंच हे टिपण, थोडं वाढवून.

बातमी लगेच उघडू नका. आधी गाठ डोळ्यांसमोर आणा.

गाठ म्हणजे कॅन्सरच्या पेशींचा गोळा, असं बहुतेकांना वाटतं. स्लाइडवर तसं दिसत नाही. मोठ्या, गडद, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशी असतात खऱ्या, पण त्यांच्या मधूनमधून कोलॅजेनचे गुलाबी पट्टे गेलेले असतात. ते पट्टे विणणाऱ्या लांबट फायब्रोब्लास्ट, चेपलेल्या रक्तवाहिन्या, कचरा गिळून फुगलेल्या मॅक्रोफेज आणि टाचणीने टोचल्यासारख्या काळ्या ठिपक्यांच्या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, असा सगळा गोतावळा असतो. स्वादुपिंडाच्या काही गाठींत तर हे बाकीचं सामान इतकं जास्त असतं, की कॅन्सरच्या पेशी शोधाव्या लागतात. या गोतावळ्याला आम्ही ट्यूमर मायक्रोएन्व्हायरन्मेंट म्हणतो, पुस्तकी मराठीत सूक्ष्मपर्यावरण. मावशीला मी 'गाठीचा शेजार' असं सांगितलं, तोच शब्द इथे ठेवते. कल्पना जुनी आहे. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने 1889 मध्येच लिहून ठेवलं होतं, की कॅन्सरचं बी रुजायला मातीही जुळावी लागते.

या शेजारात दोन गोष्टी मी रोज बघत आले, आणि मेटफॉर्मिनची निम्मी कहाणी त्या दोनच गोष्टींत आहे.

पहिली प्राणवायूची. भराभर वाढलेल्या गाठीत एखादी रक्तवाहिनी आडवी कापली गेली, की तिच्याभोवती जिवंत पेशींचं कडं दिसतं आणि त्या कड्यापलीकडे नुसता मेलेला, रंग उडालेला चुरा. कड्याची जाडी मोजली तर साधारण शंभर ते दोनशे मायक्रॉन भरते, म्हणजे एकदोन केसांच्या जाडीएवढी. रक्तातून निघालेला प्राणवायू तेवढ्याच अंतरापर्यंत पोचतो, कारण वाटेतल्या पेशी तो ओढून घेतात. कड्याच्या काठावरच्या पेशी मरत नाहीत, पण गुदमरतात. गुदमरलेली पेशी जास्त हट्टी असते. किरणोपचार तिच्यावर कमी चालतात, कारण किरणांनी केलेली इजा पक्की व्हायला प्राणवायू लागतो.

दुसरी गोष्ट लिम्फोसाइटची. त्यांतल्या काही मारेकरी टी-पेशी असतात, नाव सीडी8. पुष्कळ गाठींत त्या येतात, पण काठावरच ताटकळतात. आत शिरल्याच तर त्यांनाही प्राणवायू आणि साखर मिळत नाही. त्या थकतात आणि त्यांचं काम बंद पडतं.

आता मेटफॉर्मिन. हे औषध पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीतल्या पहिल्या कडीला, कॉम्प्लेक्स वनला, हलकासा चाप लावतं. हे 2000 साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. चाप लागला की पेशी प्राणवायू कमी खर्चते. गाठीतल्या पेशींनी खर्च कमी केला, तर तोच प्राणवायू रक्तवाहिनीपासून थोडा लांबवर पोचेल, असा हा हिशेब. टोरांटोच्या संशोधकांनी 2013 मध्ये उंदरांत नेमकं हेच पाहिलं: मेटफॉर्मिन दिल्यावर गाठीतला प्राणवायू वाढला आणि किरणोपचाराचा परिणामही वाढला. पिट्सबर्गच्या गटाने 2017 मध्ये पुढचा धागा जोडला. गाठीतली प्राणवायूची टंचाई कमी झाल्यावर टी-पेशी जोमाने काम करू लागल्या, आणि त्यांचा ब्रेक काढणारी पीडी-1 विरोधी औषधं जास्त लागू पडली. मात्र त्या दांडग्या गाठींवर एकट्या मेटफॉर्मिनने फारसं काही साधलं नव्हतं. बातमीत हे वाक्य बहुधा गाळलेलं असतं.

एवढं डोक्यात बसलं, की बातमी उघडा. मथळा सोडून द्या, तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदावर जा आणि प्रयोग कुठे झाला ते शोधा: काचेच्या बशीत, उंदरात की माणसात. मावशीने तिथे पेन्सिलने 'ब', 'उ' किंवा 'मा' लिहायची सवय लावून घेतली आहे.

'ब' आलं की मात्रा बघा. बशीतल्या प्रयोगांत मेटफॉर्मिनची मात्रा कित्येकदा 5 किंवा 10 मिलिमोल असते. आकडा लहान दिसतो, म्हणून त्याचा हिशेब मी मावशीसमोर कागदावर केला. मेटफॉर्मिनचा रेणुभार सुमारे 129. म्हणजे 10 मिलिमोल म्हणजे दर लिटरला 1290 मिलिग्रॅम. नेहमीच्या डोसमध्ये गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तात दर लिटरला एकदोन मिलिग्रॅम औषध असतं, पाचाच्या वर सहसा जात नाही. एवढ्या पुरात बुडवून पेशी मेली, यात औषधाचं कौतुक ते काय! शिवाय त्या पेशी ज्या द्रावात वाढवतात त्याच्या एका नेहमीच्या प्रकारात ग्लुकोज 25 मिलिमोल असतं. तुमच्या ग्लुकोमीटरच्या भाषेत 450. हा आकडा ऐकून मावशीने कपाळाला हात लावला होता. मुख्य म्हणजे बशीत शेजारच नाही. रक्तवाहिनी नाही, टी-पेशी नाही, कोलॅजेन नाही. मग तिथला निष्कर्ष शेजाराबद्दल असेल कसा? 'ब' ची बातमी मी दोन मिनिटांत मिटते.

'उ' मध्ये मात्र थांबा. उंदराचा डोस किलोमागे 250 मिलिग्रॅम वाचून दचकायचं कारण नाही. उंदीर लहान आणि त्याचा चयापचय वेगवान, त्यामुळे माणसाचा डोस काढताना साधारण बाराने भागतात. साठ किलोच्या माणसाला तो बाराशे मिलिग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे रोजच्या व्यवहारातलाच. खरा प्रश्न वेगळा: उंदराला स्वतःची प्रतिकारशक्ती आहे का? माणसाची गाठ उंदरात वाढवायची तर 'न्यूड' म्हणजे केसविरहित उंदीर वापरतात. त्याला थायमस ग्रंथी नसते, म्हणून टी-पेशी नीट तयारच होत नाहीत आणि परकी गाठ तो झिडकारत नाही. अशा उंदरात औषधाने टी-पेशींना बळ दिलं की नाही, हे कळणार कुठून?

ओकायामा विद्यापीठाचं 2015 चं काम मला म्हणूनच आवडतं. त्यांनी प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या उंदरांना मेटफॉर्मिन दिलं, तर गाठी आवरल्या. गाठीत शिरलेल्या सीडी8 पेशी थकायच्या आणि मरायच्या थांबल्या. मग टी-पेशी नसलेल्या उंदरांत तोच प्रयोग केला, तर परिणाम नाहीसा झाला. म्हणजे तिथे औषधाने कॅन्सरच्या पेशीला हात न लावता तिच्या शेजाऱ्याला उभं केलं होतं. असा उलटा प्रयोग बातमीमागच्या कामात आहे का, ते शोधा. असेल तर ती बातमी नीट वाचायच्या लायकीची.

शेजारी कोणता, हेही विचारा. 'मेटफॉर्मिन प्रतिकारशक्ती वाढवतं' हे वाक्य मोघम आहे. टी-पेशींवर बोलणं चाललं आहे, की मॅक्रोफेजवर, की फायब्रोब्लास्टवर? बॉस्टनमधल्या एका गटाने 2015 मध्ये स्वादुपिंडाच्या गाठींत पाहिलं, की मेटफॉर्मिनने तंतू विणणाऱ्या स्टेलेट पेशी मंदावतात आणि गाठीतलं हायल्युरोनन व कोलॅजेनचं चिवट जाळं विरळ होतं. ही वेगळी वाट. टेक्सासमधल्या एका गटाने 2018 मध्ये तिसरीच दाखवली. कॅन्सरची पेशी पीडी-एल1 नावाचं प्रथिन अंगावर मिरवते आणि टी-पेशीचा ब्रेक दाबते. मेटफॉर्मिनमुळे जागा झालेला एएमपीके हा विकर त्या प्रथिनाला अशी खूण करतो, की ते पृष्ठभागावर पोचायच्या आधीच पेशीच्या आत मोडीत निघतं. तीन वाटा, तीन वेगळ्या पेशी. एकीचा पुरावा दुसरीच्या खात्यात जमा करणाऱ्या बातम्या मी पुष्कळ पाहिल्या.

आता 'मा'. इथे माझा धंदा आड येतो, म्हणून जरा रेंगाळते.

माणसांतल्या बऱ्याच अभ्यासांची रीत अशी: निदानाच्या वेळी सुईने तुकडा घ्यायचा, शस्त्रक्रियेपर्यंतचे दोनचार आठवडे मेटफॉर्मिन द्यायचं, मग काढलेली गाठ आणि आधीचा तुकडा शेजारीशेजारी ठेवून मोजायचं. वाचायला निर्दोष वाटतं. पण मी अशा जोड्या रोज बघितल्या आहेत, मेटफॉर्मिन न घेतलेल्या माणसांच्यासुद्धा. सुई गेलेली जागा शस्त्रक्रियेच्या गाठीत ओळखू येते. तिथे नवे तंतू असतात, जुन्या रक्ताचा तपकिरी गंज पोटात घेतलेल्या मॅक्रोफेज असतात, लिम्फोसाइट गोळा झालेल्या असतात. म्हणजे नुसत्या सुईच्या जखमेनेही शेजार बदलतो. त्यातून सुईचा तुकडा दोराएवढा आणि गाठ लिंबाएवढी. तुकडा कुठून आला त्यावर मोजणी हलते. म्हणून 'औषधानंतर गाठीत मॅक्रोफेज बदलल्या' असं वाचलं, की पहिला प्रश्न: दुसऱ्या गटाला औषध नसलेली दिखाऊ गोळी देऊन तीच मोजणी केली होती का? केली नसेल तर सुईचं श्रेय गोळीला जाण्याची पुरेपूर सोय आहे.

अन्ननलिकेच्या कॅन्सरवर 2020 मध्ये आलेला एक अभ्यास मी मावशीला मुद्दाम दाखवला. डोस रोज फक्त 250 मिलिग्रॅम, म्हणजे तिच्या स्वतःच्या डोसपेक्षा पुष्कळ कमी. तेवढ्यावर गाठीत सीडी8 पेशी वाढल्या, गाठीला मदत करणाऱ्या मॅक्रोफेज घटल्या आणि तिच्या विरोधातल्या वाढल्या. मावशी खूश. मी विचारलं, "मोजलं काय?" तिने पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "पेशी." बरोबर. माणसं किती जगली हे मोजायला तो अभ्यास केलाच नव्हता. स्लाइड सुधारली म्हणजे माणूस सुधारला असं धरून चालायचा मोह मलाही होतो, माझं आयुष्यच स्लाइडवर गेलं. पण ती दोन वेगळी माणसं समजावीत, नावापुरती ओळख असलेली.

माणसं मोजली तेव्हा काय दिसलं? सगळ्यात मोठं उत्तर 2022 मध्ये आलं. कॅनडाच्या पुढाकाराने चाललेल्या एमए.32 या चाचणीत मधुमेह नसलेल्या, स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या 3649 जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला पाच वर्षं दिवसातून दोनदा 850 मिलिग्रॅम मेटफॉर्मिन, दुसऱ्याला दिखाऊ गोळी. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या कॅन्सरच्या मुख्य गटात रोग परतण्यात फरक पडला नाही. स्वादुपिंडाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये 2015 सालीच तसंच दिसलं होतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो आणि किरणोपचारासोबत मेटफॉर्मिन देणाऱ्या दोन चाचण्या 2021 मध्ये छापून आल्या. एकीत फायदा नाही, आणि दुसऱ्या छोट्या, 54 जणांच्या चाचणीत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं उलट जास्त बिघडलं. उंदरात किरणोपचाराला हात देणारं औषध ते हेच. 'नुकसान तर नाही ना' म्हणणाऱ्यांना मी ही चाचणी दाखवते.

उलट बाजूही सांगायला हवी. जपानमध्ये मोठ्या आतड्यातले पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवणारे कोंब, काढलेल्या, मधुमेह नसलेल्या लोकांना वर्षभर रोज 250 मिलिग्रॅम मेटफॉर्मिन दिलं. वर्षाने पाहिलं तेव्हा पॉलिप 38 टक्के लोकांत होते, दिखाऊ गोळीवाल्यांत 56.5 टक्क्यांत. चाचणी 2016 ची, माणसं दीडशेच्या आसपास. पॉलिप म्हणजे कॅन्सर नव्हे, पण दुर्लक्ष करण्यासारखाही आकडा नाही. माझं स्वतःचं मत, पटलं तर घ्या: हे औषध शेजार बिघडण्याच्या आधी किंवा दुसऱ्या उपचाराच्या सोबतीला कामाला येईल तर येईल, पसरलेल्या कॅन्सरवर एकटं पाठवायचं हत्यार ते नाही.

एक सापळा राहिला, आणि मथळ्यांत तोच सर्वांत जास्त असतो. 'मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना कॅन्सर कमी.' याची सुरुवात 2005 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या अभ्यासाने झाली. त्यांनी मधुमेहींच्या नोंदी चाळल्या, तर मेटफॉर्मिन घेतलेल्यांत कॅन्सरची शक्यता पाचव्या हिश्शाने कमी दिसली. त्यांचं काम प्रामाणिक होतं आणि त्यामुळेच पुढचं सगळं संशोधन सुरू झालं. पण त्यानंतर आलेल्या अशा अनेक अभ्यासांत एक खोट होती, ती माँट्रियलच्या दोन संशोधकांनी 2012 मध्ये उघड केली. समजा, एकाला मधुमेहाच्या निदानानंतर चार वर्षांनी मेटफॉर्मिन सुरू झालं. त्याला पहिल्या दिवसापासून मेटफॉर्मिनवाल्यांत धरलं, तर ती चार वर्षं गोळीच्या नावावर फुकट जमा होतात. त्या चार वर्षांत ज्याला कॅन्सर झाला असता तो आपोआप दुसऱ्या गटात पडला असता. मावशी म्हणाली, "म्हणजे जे पोचले त्यांचीच हजेरी घेतली." मला यापेक्षा बरं सांगता आलं नसतं. शिवाय मेटफॉर्मिन बहुधा मधुमेहाच्या सुरुवातीला आणि मूत्रपिंडं ठीक असलेल्यांना देतात. इन्सुलिनवर गेलेल्यांशी त्यांची तुलना करणं म्हणजे शर्यत आधीच ठरवून ठेवणं. 'चिठ्ठ्या टाकून' किंवा 'यादृच्छिक' हा शब्द बातमीत नसेल, तर मावशी आता पान उलटते.

वाचण्याचं झालं. गोळी घरात असेल तर थोडं व्यवहाराचं.

मावशीच्या मुलाचं, म्हणजे माझ्या मावसभावाचं, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि केमो चालू होती. मधुमेह नाही. अशाच एका बातमीवरून त्याने आईच्या डब्यातल्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या घ्यायला सुरुवात केली, पहिल्याच दिवसापासून दोन. मेटफॉर्मिन हळूहळू चढवायचं असतं. असं एकदम घेतलं की पोट बिघडतं. चौथ्या दिवशी जुलाब, अंगातलं पाणी कमी, केमो एक आठवडा पुढे. डॉक्टरांना वाटलं केमोचाच त्रास, कारण याने गोळ्यांचं सांगितलंच नव्हतं. मला रिकामी पट्टी दिसली म्हणून कळलं. मी त्याला बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मधुमेहासाठी गोळी चालू असताना कॅन्सरचं निदान झालं, तर ती स्वतःहून बंद करू नका आणि वाढवूही नका. पण कॅन्सरच्या डॉक्टरांच्या औषधांच्या यादीत तिचं नाव आहे याची खात्री करा. पेट स्कॅनच्या वेळी ती विशेष आड येते. या स्कॅनमध्ये वापरतात ते किरणोत्सारी ग्लुकोज मेटफॉर्मिनमुळे आतडं जास्त ओढतं आणि पोटाचा भाग उजळून निघतो. त्या उजेडात खरी गाठ लपू शकते. म्हणून बऱ्याच ठिकाणी स्कॅनआधी दोन दिवस गोळी थांबवायला सांगतात. तारीख मिळाली की लगेच विचारा. शिरेतून आयोडीनचं रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन असेल आणि मूत्रपिंडं अशक्त असतील, तर तिथेही हाच प्रश्न. मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं लघवीतून जातं. मूत्रपिंड थकलं तर ते साठतं आणि क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक चढतं. केमोने सतत उलट्या होत असतील, पाणी पोटात ठरत नसेल, तर त्याच दिवशी फोन करून गोळीचं विचारायचं, पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं नाही.

आणखी एक, जे नेहमी निसटतं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्याने बी12 कमी होऊ शकतं, आणि त्याने हातापायांना मुंग्या येतात. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झालिप्लॅटिन या केमोनेही मुंग्याच येतात. दोष कुणाचा ते ठरवायचं तर केमो सुरू होण्याआधीच बी12 मोजून ठेवलेलं बरं.

मागच्या आठवड्यात मावशीने पुन्हा एक कात्रण पाठवलं. समासात तिच्या पेन्सिलीने लिहिलं होतं: "उ. टी-पेशी आहेत. उलटा प्रयोग केलाय. माणसं मोजली नाहीत." खाली नेहमीचे तीन शब्द नव्हते. त्याऐवजी विचारलं होतं, "माझी गोळी जेवणाआधी की नंतर?"

जेवणाबरोबर, मावशी. सोळा वर्षं तेच चाललंय.